पुस्तकांची रपेट

दफेदारांची नि माझी ओळख झाली ती सकाळी सहाच्या सुमारास, मी आमच्या ओटल्यावर राखुंडीनं दात घासत बसलो होतो तेव्हा. सहा फूट उंच, पांढऱ्या मिशा गालांवर चढवलेला एक म्हातारा समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, हात दाखवा. मला वाटलं, कुणी भविष्य सांगणारा असेल. बडोद्यात त्यांना तोटा नव्हता. टळू दे एकदाची ब्याद, म्हणून मी उजवा हात पुढं केला. त्यानं तळहाताकडं पाहिलंसुद्धा नाही. मधलं बोट धरून उजेडात फिरवलं, त्यावरचा शाईचा डाग स्वतःच्या अंगठ्यानं घासून पाहिला, आणि डाग जात नाही अशी खात्री झाल्यावर मला कळवलं की मी वाचनालय साहाय्यक मंडळाचा चिटणीस झालो आहे. असलं मंडळ माझ्या ऐकिवात नाही, असं मी तोंडातली राखुंडी सांभाळत म्हणालो. ते म्हणाले, कसं असेल, आत्ताच तर निघालं.

मी तेव्हा संस्थानच्या एका कचेरीत कारकून होतो. दिवसभर हो-हो करून माझ्या मानेला तेच वळण पडलेलं. त्यामुळं त्या सकाळी जो चिटणीस झालो तो झालोच. आमच्या कुटुंबानं आतून विचारलं, कोण आलं होतं? मी म्हटलं, माहीत नाही, पण उद्यापासून मी त्यांच्या हाताखाली आहे.

आता गंमत बघा. या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे खुद्द दफेदार, आणि दफेदारांना अक्षरओळख नव्हती. हे काही गुपित नव्हतं. उलट नवा माणूस भेटला की ते आधी हेच सांगून टाकत. सगळं आयुष्य महाराजांच्या रिसाल्यात गेलेलं. कुणी खवचटपणानं विचारलंच, की वाचता येत नाही तर वाचनालय कशाला काढता, तर ते शांतपणे म्हणत, "घोडींची बाळंतपणं केली जन्मभर. मला कधी शिंगरू झालं नाही. काही अडलं का?"

खरं कारण आमच्या पाणीगेट भागात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त दफेदार ते तोंडानं बोलत नसत. त्यांचा एकुलता एक मुलगा तापानं गेला होता. मागं राहिली सून, जेमतेम विशीतली. नवरा गेला आणि तिचं बोलणंच संपलं. मुकी नव्हे हो. हो, नाही, पान वाढलंय, एवढं बोलायची. घरातली सगळी कामं करायची आणि कामं संपली की माजघरात भिंतीकडं तोंड करून बसायची. दफेदारांची बायको आधीच वारलेली. घरात दोनच माणसं, त्यातलं एक भिंतीकडं बघणारं. चार वर्षं असं चाललं. मग एकदा कुठून तरी, बहुधा शेजारणीकडून, एक गोष्टींचं पुस्तक त्या घरात आलं. दुपारी दफेदार परसातून आत आले तर सूनबाई दाराशी, उजेडाकडं तोंड करून बसलेली, मांडीवर पुस्तक. त्यांनी तेवढंच पाहिलं, आल्या पावली मागं फिरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझं बोट तपासायला हजर झाले.

महाराजांनी त्या काळात गावोगाव वाचनालयं काढायचं मनावर घेतलं होतं. रीत अशी होती, की खात्यानं पुस्तकांचं कपाट द्यायचं. जागा, निगराणी आणि वाचणारी माणसं लोकांनी उभी करायची. वर्षभरानं खात्याचा तपासनीस येऊन बघणार. लोक वाचत असले तर कपाट कायम, नसले तर जिथून मागणी आहे तिथं जाणार. करजण गावच्या लोकांचा अर्ज आधीच जाऊन पडला होता, आणि करजणकर चिवट. आमच्या वाचनालयाला जागा मिळाली ती दफेदारांच्या परसाला लागून असलेल्या रिकाम्या गाळ्यात. गाळा होता एका गुजराती कापडवाल्याचा. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू, आणि जागा दिली म्हणून तेही मंडळात धरले गेले. गाळ्याला मागून दार होतं. सूनबाईंना रस्त्यावर पाऊल न टाकता येता येई. शहरातल्या मोठ्या वाचनालयात तरण्या विधवेनं भर बाजारातून जायचं म्हटलं असतं तर दफेदारांनी जाऊ दिलं असतं, पण लोकांनी जगू दिलं नसतं. म्हणून दुपारी दोन ते तीन हा बायकांचा तास दफेदारांनी पहिल्याच दिवशी ठरवला, आणि बाकीचे नियम नंतर त्याच्या आजूबाजूला बसवले. कपाट गेलं की सूनबाई पुन्हा भिंतीकडं बसणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. ठरावात मी 'ज्ञानप्रसार' असं लिहिलं.

दफेदारांच्या लेखी कपाट म्हणजे पागा. यात थट्टा नव्हती, तसं असतं तर बरं झालं असतं. पुस्तक परत आलं की ते आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवत, मग उघडून नाक आत घालत आणि दीर्घ श्वास घेत. वासावरून पुस्तक कुठल्या घरात राहून आलं ते त्यांना बिनचूक कळे. हे चुलीजवळ बांधलं होतं, म्हणत. हे बाळंतिणीच्या खोलीत होतं. एकदा माझ्याच घरून आलेलं पुस्तक हुंगून ते म्हणाले, चिटणीस, काल तुमच्याकडं बोंबील होते. आमच्या घराला शाकाहाराची ख्याती होती. मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी राहिलो.

दर रविवारी सगळ्या पुस्तकांना खरारा. मऊ फडकं, जवसाच्या तेलाची वाटी, आणि दफेदार एकेका चामडी पाठीवर तेल जिरवत बसलेले. एका वकिलानं पानाचा कोपरा दुमडून पुस्तक परत केलं, तेव्हा दफेदारांनी वकिलाचा कान धरला आणि तसाच हळूहळू दुमडला. वकील म्हणाला, मी फिर्याद करीन. दफेदार म्हणाले, अवश्य करा, पण अर्ज लिहिताना कागद सरळ ठेवा. तो वकील पुढं वर्षभर आमच्याकडं येत राहिला, आणि पुस्तक परत करताना आपण होऊन आधी कोपरे दाखवायचा.

पण खरी कमाल रपेटीची.

वाचनालय सुरू होऊन दोनेक महिने झाले असतील. दफेदारांनी मला विचारलं, अशी किती पुस्तकं आहेत की जी एकदाही बाहेर पडलेली नाहीत? मी वही चाळून सांगितलं, अकरा. एक जाडजूड शब्दकोश, एक कायद्याचं, एक गुरांच्या रोगांवरचं, एक मधमाश्या पाळण्याचं, अशी सगळी. त्यांचा चेहरा उतरला. जागेवर उभं राहून जनावराचे पाय सुजतात, म्हणाले. मी समजावलं, दफेदार, पुस्तकाला पाय नसतात, आणि त्याला वाचणारा मिळाला नाही तर आपण काय करणार? तर म्हणाले, स्वार मिळाला नाही म्हणून रिसाल्यात घोडा कुणी सडवत ठेवत नाही, मोतद्दार त्याला रोज फिरवून आणतो. उद्या सकाळी साडेपाचला या. सदरा जाडसर घाला.

आणि अहो, आम्ही गेलो. हे मला आज सांगतानाही लाज वाटते, पण आम्ही गेलो. पाणीगेटापासून मांडवीपर्यंत आणि परत, एका ओळीत तिघं. सगळ्यात पुढं दफेदार, छातीशी शब्दकोश, कारण तो सगळ्यांत द्वाड आणि नवख्याला आवरायचा नाही. मधे काका, कायद्याचं पुस्तक घेऊन. मागं मी, एका काखेत मधमाश्या आणि दुसऱ्या काखेत गुरांचे रोग. दफेदार मधूनच मागं वळून बघत आणि मला सांगत, चिटणीस, आवळू नका, मोकळं धरा, त्याला वारा लागू द्या. दुकानांच्या फळ्या उघडणारे लोक हातातलं काम टाकून बघत राहायचे. एकानं काकांना विचारलं, शेठ, आ शुं छे? काका बिचारे सरळ माणूस. म्हणाले, चोपडी फेरववा नीकळ्या छीए, म्हणजे पुस्तकं फिरवायला निघालोय. तो माणूस पुढचा आठवडाभर काकांच्या दुकानात तब्येतीची चौकशी करायला येत होता.

रोज दोन-तीन पुस्तकं, असा आमचा पाळीचा क्रम बसला. दफेदारांचा हुकूम होता की रपेटीची नोंद वहीत झालीच पाहिजे, नाहीतर कुठलं जनावर फिरलं नि कुठलं नाही हे कसं कळणार? आता नोंद करा म्हटलं की कारकून नोंद करतो. नोंद कसली आहे हे विचारणं त्याच्या कामात बसत नाही. मी त्याच वहीत, खऱ्या वाचकांच्या ओळींच्या मधोमध, सुबक अक्षरात लिहू लागलो: शब्दकोश, नेणार दफेदार, मांडवीपर्यंत, सुखरूप परत. बायकांच्या तासात सूनबाई पुस्तकं देत, तिथल्या चिठ्ठ्याही मी संध्याकाळी त्याच वहीत उतरवून घेई. झकास वही होती ती. दिसायला.

आणि एक सांगतो, हसू नका. त्या अकरांतली दोन पुस्तकं रपेटीमुळंच वाचली गेली. गुरांच्या रोगांचं पुस्तक बघून एका गवळ्यानं विचारलं, यात म्हशीच्या पोटफुगीवर काही आहे का? दफेदारांना ते वाचता येईना, मला अंधारात दिसेना, म्हणून गवळी स्वतःच ते घेऊन गेला. मधमाश्यांचं पुस्तक तर मी स्वतः वाचलं, कारण रस्त्यात जो तो विचारायचा आत काय आहे, आणि रोज माहीत नाही म्हणायची लाज वाटायला लागली होती. शब्दकोशाला मात्र अखेरपर्यंत वाचक मिळाला नाही. तो दफेदारांच्याच छातीशी राहिला.

वर्ष भरत आलं आणि खात्याचा कागद आला: येत्या गुरुवारी दुपारी तपासनीस येतील. मी तो वाचून दाखवला. दफेदार ताडकन उठले. त्यांच्या रिसाल्यातल्या तपासण्या त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या असाव्यात. तपासणीच्या दिवशी पागेत एक ठाण रिकामं दिसलं तर दफेदाराची पगडी गेली म्हणून समजा, म्हणाले. सगळी पुस्तकं गोळा करा. एकही बाहेर राहता कामा नये.

तुम्ही म्हणाल, अहो, तुम्ही तर शिकलेले होता, तुम्ही का नाही अडवलंत? मला काय वाटलं सांगतो. आमच्या कचेरीत वरचे साहेब येणार असले की आम्हीही हेच करत असू. प्रत्येक दप्तर आपल्या जागी, गाठ मारलेलं, टेबलं रिकामी. मला दफेदारांचं म्हणणं रास्तच वाटलं. काकांनाही वाटलं, सरकारी माणूस दुकानात येतो तेव्हा ठाण न् ठाण फळीवर रचलेलं असावं, ही त्यांची वडिलांपासूनची शिकवण. एक घोडेवाला, एक कारकून, एक कापडवाला, तिघंही आपापल्या धंद्याला इमानी. वाचणारा माणूस आमच्यात एकच होता आणि तिला आम्ही विचारलं नाही.

तीन दिवस आम्ही घरोघर फिरलो. लोक कुरकुरत होते, पण दफेदारांच्या मिशांकडं बघून पुस्तक काढून देत होते. आमच्या कुटुंबाच्या हातात तेव्हा एक कादंबरी होती. मी ती मागितली तर ती म्हणाली, अहो, नायिका विहिरीत पडलीय, तिला वर तरी येऊ द्या. मी म्हटलं, गुरुवारनंतर येईल. त्या रात्री माझ्या ताटात भातावर तूप नव्हतं. काकांच्या घरी याहून कठीण प्रसंग. काकींनी लोणच्यासाठी दीड मण कैऱ्या फोडून मीठ लावून ठेवलेल्या, मसाल्याचं प्रमाण पुस्तकात, आणि पुस्तक काकांनी उचलून आणलेलं. काका तीन दिवस दुकानातच जेवले.

सूनबाई आकाशातल्या ग्रहताऱ्यांचं एक पुस्तक वाचत होत्या. गोष्टींची सगळी संपवून त्या तिकडं वळल्या होत्या, आणि दफेदार मला सांगत की अलीकडं जेवणं झाली की ती गच्चीवर जाते, वर बघते, खाली येऊन पान बघते, पुन्हा वर जाते. हे सांगताना त्यांचा आवाज कसा व्हायचा ते मला लिहिता येणार नाही. ते पुस्तक त्यांनी स्वतः मागून आणलं. गुरुवारी परत देतो म्हटलं, ती हो म्हणाली, एवढंच त्यांनी मला सांगितलं. मग तेलाची वाटी ढवळत म्हणाले, परवापासून पुन्हा भिंतीकडं बसलीय. तीन दिवसांचाच प्रश्न आहे, चिटणीस. गुरुवार झाला की कपाट कायमचं आपलं. मी म्हटलं, हो, कायमचं.

गुरुवारी कपाट असं दिसत होतं की दृष्ट लागावी. एकही फट नाही. पुस्तकं उंचीनुसार उभी, पाठी तेलानं चकाकत होत्या. दफेदारांनी पेटीतला जुना गणवेश काढला होता. तो पोटावर बसत नव्हता, पण त्यांनी श्वास आत ओढून बसवला होता. तपासनीस आले दीडच्या सुमारास. बारीक अंगाचे, चष्मा, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी कपाट पाहिलं आणि विचारलं, एकही पुस्तक बाहेर नाही?

"एकही नाही, रावसाहेब," दफेदार अभिमानानं म्हणाले. "एकही हरवलं नाही, एकही लंगडं नाही."

रावसाहेबांनी एक पुस्तक काढलं. ते त्यांच्या हातातून निसटलं. तेल. रुमालाला बोटं पुसत त्यांनी वही मागितली. मी ती दोन्ही हातांनी पुढं केली, कारण मला वहीचा फार भरवसा होता. त्यांनी पानं उलटली. मांडवीपर्यंत, सुखरूप परत. मांडवीपर्यंत, सुखरूप परत. चष्मा वर करून त्यांनी मला विचारलं, हे काय आहे? मी समजावून सांगायला सुरुवात केली. सुरुवातीला बरं चाललं होतं. पण पुस्तकांचे पाय सुजू नयेत म्हणून, असं मी म्हणालो आणि माझं मलाच ते ऐकू आलं.

रावसाहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, पाऊणशे वाचनालयं पाहिली मी, जिथं लोक वाचतात तिथं कपाटाचे दात पडलेले असतात. इथलं कपाट भरलेलं आहे. वही सगळी एकाच हातची आहे, आणि तीत पुस्तकं फिरायला गेल्याच्या नोंदी आहेत. यातल्या खऱ्या कुठल्या नि बनावट कुठल्या, हे मी कशावरून ठरवू? करजणचे लोक वाट बघत आहेत. कपाट सोमवारी हलेल.

काका खाली बसले. मी दफेदारांकडं पाहिलं. गणवेशातला श्वास सुटला होता आणि वरचं एक बटण तुटून कुठंतरी गेलं होतं. मला वाटलं, आता तरी हा माणूस हात जोडील, सूनबाईचं सांगील, त्या चार वर्षांचं सांगील. मी तर तोंड उघडलंच होतं. दफेदारांनी कमरेचं घड्याळ काढलं. आकडे त्यांना येत.

"रावसाहेब, दोन वाजले. आता बाहेर व्हा."

"म्हणजे?"

"बायकांचा तास आहे."

रावसाहेब म्हणाले, माझा शेरा लिहून व्हायचाय. दफेदार म्हणाले, ओटल्यावर लिहा. ज्या माणसाच्या लेखणीत सगळं अडकलं होतं त्याला या माणसानं दंडाला धरून उन्हात काढलं. मी कपाळाला हात लावला. रावसाहेब ओटल्यावर बसून मांडीवर कागद घेऊन लिहायला लागले, काकांनी त्यांना पाणी दिलं, आणि दफेदार दाराकडं पाठ करून पहाऱ्यावर उभे राहिले. कपाटाला त्यांनी कुलूप घातलं होतं आणि किल्ली मुठीत होती. शेरा लिहून होईपर्यंत तपासणी चालू, आणि तपासणीत जनावर सुटायचं नाही.

आतून बायकांचा आवाज यायला लागला. आधी कुजबुज, मग कडी वाजवल्याचा आवाज, मग काकींचा स्पष्ट गुजराती आवाज, की माझ्या कैऱ्या काळ्या पडल्या, किल्ली कुणाकडं आहे? कुणीतरी म्हणालं, त्या दाराबाहेरच्याकडं. मग आमच्या कुटुंबाचा आवाज. विहिरीतल्या बाईला तीन दिवस झाले, असं ती कुणाला तरी सांगत होती आणि पुस्तकं काढून नेणाऱ्या मंडळाविषयी, विशेषतः त्याच्या चिटणिसाविषयी, आपलं मत देत होती. गवळ्याची बायको म्हणत होती, म्हैस आज विणार आहे नि तुम्ही पुस्तक काय नेता? बायकांचे आवाज एकावर एक चढत होते. रावसाहेबांनी लेखणी उचलली आणि मान वळवली. दफेदार हलले नाहीत. आतल्या कुणी खिडकीतून किल्ली मागितली, तेव्हा ते समोर बघतच म्हणाले, तपासणी पुरी होऊ द्या.

तेव्हा दार उघडलं. सूनबाई उंबऱ्यात आली. रस्त्याच्या बाजूच्या दारात तिला मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पदर डोक्यावर होता, पण मान खाली नव्हती.

"मामंजी, किल्ली द्या."

दफेदार वळले. परका पुरुष बसलाय, रस्ता बघतोय, हे तिला दिसत होतं. आवाज चढला तो तिच्या स्वतःच्याही अपेक्षेपेक्षा चढला असावा.

"गुरुवारी देतो म्हणालात. आज गुरुवार आहे. तुम्हाला वाचता येत नाही म्हणून आम्ही कुणी वाचू नये का?"

सासऱ्याला असं बोललेलं पाणीगेटानं कधी ऐकलेलं नव्हतं, आणि तेही कुणाला, तर ज्यानं तिच्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला त्याला. मला फार वाईट वाटलं. दफेदारांनी तिच्याकडं बघितलं. मग मूठ उघडली. तिनं किल्ली उचलली, आत गेली, दार लावलं, आणि कुलूप उघडल्याचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू आला.

पाच मिनिटांत बायका पुस्तकं घेऊन मागच्या दारानं पांगायला लागल्या. रावसाहेब उठून खिडकीपाशी गेले आणि चष्मा पुसून कपाटाकडं बघत राहिले. मग त्यांनी लिहिलेला कागद फाडला आणि दुसरा घेतला. तो शेरा मीच नंतर नकलून घेतला, म्हणून शब्दशः सांगतो: येथील वाचक भांडखोर असून पुस्तके काढून घेतल्यास दंगा संभवतो, सबब कपाट हलवू नये. मंडळाने पुस्तकांना फिरावयास नेऊ नये व तेल लावू नये.

मी धावत दफेदारांकडं गेलो. ते ओटल्याच्या टोकाला एकटेच बसले होते. वाचून दाखवलं, कपाट राहिलं म्हणून सांगितलं. हो का, म्हणाले. मला वाटलं, तिचं बोलणं जिव्हारी लागलंय. मी म्हटलं, दफेदार, पोर आहे, रागाच्या भरात बोलली, तुम्ही मनावर घेऊ नका. त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं तर डोळे भरून वाहत होते, आणि मिशांखाली माणूस हसत होता.

"चिटणीस, ओरडली माझ्यावर. मोजून चार वाक्यं. पुरी."

मग म्हणाले, लिहून द्या. मी म्हटलं, काय? म्हणाले, ती जे बोलली ते, तसंच्या तसं, एक शब्द इकडचा तिकडं नको. मी लिहून दिलं. त्यांनी कागद घडी करून आतल्या खिशात ठेवला. पुढं सूनबाई त्या वाचनालयाचं सगळंच बघायला लागली, आणि बोलायला लागली ती इतकी की दफेदार कधीकधी आमच्या ओटल्यावर येऊन बसत. दहा वर्षं जगले ते त्यानंतर. महिन्या-दोन महिन्यांनी कधी तरी संध्याकाळी यायचे, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचे, आणि मग खिशातून तो कागद काढून माझ्यापुढं धरायचे. मी वाचायचो. तुम्हाला वाचता येत नाही म्हणून आम्ही कुणी वाचू नये का? दफेदार मान हलवायचे. असं नाही, म्हणायचे, असं मिळमिळीत नाही, ती ओरडली होती. आणि मग मी येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता, भर पाणीगेटात, त्या म्हाताऱ्यावर घसा फोडून ओरडायचो, आणि ते डोळे मिटून ऐकायचे.